पिशवीवरचा पांढरा टाका

“काका, हे तर शिवलेलं आहे,” बोटवाला म्हणाला.

म्हणाला तो अगदी सहज. खाडीच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं होतं, बोट आपल्या आपण हलत होती, आणि गिऱ्हाइकाने हौसेने स्वतःची गळाची काठी आणली आहे तर ती बघावी, दोन बरे शब्द बोलावेत, एवढाच त्याचा हेतू. त्याने खाकी कॅनव्हासची लांबट पिशवी मांडीवर घेतली, नाडीची गाठ सोडली आणि झाकण वर करायला गेला, तर ते एका कडेला अडलं. त्याने अंगठा आत सरकवला, वाकून पाहिलं. खाकी कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा एकच टाका होता, तांदळाच्या दाण्याएवढा. जावई फोटो काढायच्या तयारीत होता, त्याने मोबाइल खाली केला. काठीचा मालक, म्हणजे तिचा नवरा, पाण्याकडे बघत होता, तो तसाच बघत राहिला. फक्त टोपीखालून बाहेर आलेला त्याचा मोठा म्हातारा कान तांबडा झाला. ती समोरच्या फळीवर बसली होती, अंगात केशरी जाकीट, त्याचे पट्टे बोटवाल्याने हनुवटीपर्यंत आवळलेले. तिच्या मनात आलं, झालं. इतक्या लवकर.

तिचा बेत सबंध चार तासांचा होता. नवऱ्याला पंचाहत्तरावं लागणार म्हणून लेकीने फोनवर विचारलं, बाबांना काय द्यायचं, तेव्हा ती म्हणाली होती, इतकी वर्षं हा माणूस धक्क्यावर बसून मासे धरतोय, एकदा त्याला बोटीतून न्या, चांगला जाणता माणूस बरोबर द्या. लेकीला गहिवरून आलं. आई, तुला कसं गं सुचतं, म्हणाली. सुचलं नव्हतं, कित्येक वर्षं मंद आचेवर शिजत होतं. बोटीतून उठून जाता येत नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. घरात तो उठून जायचा. तिच्या ओठांवर प्रश्न आला की त्याला गच्चीवरची टाकी भरल्याचं आठवे, नाहीतर खाली कुणी हाक मारल्याचं ऐकू येई. तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत दारोदार हिंडलेला माणूस, कुठल्याही घरात आकडा टिपण्यापुरतंच थांबायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं. बोटीत गच्ची नव्हती. आणि जावयाला तिने हट्टाने बरोबर घेतलं होतं, साक्षीला. जावयासमोर नवऱ्याचं पितळ उघडं पडतंय, हे चित्र तिने भाजी निवडताना, झोप लागत नसताना, इतक्यांदा पाहिलं होतं की त्याच्या कडा झिजल्या होत्या. त्या चित्रात मात्र ती बोलत असे. परका माणूस मध्येच पिशवी मांडीवर घेऊन बसेल आणि तिच्या आधी बोलून मोकळा होईल, हे त्यात नव्हतं.

ती पिशवी तिनेच शिवली होती, बावीस वर्षांपूर्वी. लेकीचं लग्न झालं, पाहुणे पांगले, आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दोघं जेवायला समोरासमोर बसली. मधल्या खुर्चीवर कुणी नव्हतं. इतकी वर्षं ती दोघं लेकीच्या मार्फत बोलत आली होती, तुझ्या बाबांना सांग, तुझ्या आईला विचार. टपालपेटीच उचलून नेल्यावर पत्रं टाकायची कुठे? भांड्यावर चमचा वाजला तेवढाच आवाज. पुढच्या आठवड्यात तो काठी घेऊन आला. कुठेतरी वाचलं म्हणे, निवृत्तीनंतर माणसाला काही नाद हवा. निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. पण ती काही बोलली नाही, उलट दुकानातून उरलेलं कॅनव्हास आणून दुहेरी शिवणीची पिशवी करून दिली, आत फ्लॅनेलचं अस्तर, खांद्याला पट्टा. तिचं काम तेच. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती अल्टरेशनला बसायची, ओळीने चार मशिनं, वर एक पंखा, आणि दिवसभर कुणाचं तरी सैल ते घट्ट करायचं, लांब ते तोकडं करायचं. अजूनही तिला त्या खोलीचा वास येतो, गरम इस्त्रीचा, खडूचा, बायकांच्या डब्यांचा. केवढ्या हसायच्या तेव्हा चौघी. नवरा कधी न्यायला आला तर, मीटर आला गं तुझा, बिल भरलंस का, म्हणून तिला भंडावून सोडायच्या. त्या खोलीने तिला एक डोळा दिला. शिवण उसवून कितीही इस्त्री फिरवली तरी सुईची भोकं राहतात. लोक म्हणत, नवीनच आहे, घातलेलं नाही, आणि ती कापड उजेडाकडे धरून गप्प बसायची. गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं नाही, हा दुकानाचा नियम होता.

पहिल्या रविवारी त्याने दोन मासे आणले. तिने ते ओट्यावर घेतले आणि बाहेर अजून कडक ऊन असताना ते हाडापर्यंत गार लागले. दोन बस बदलून आलेला मासा इतका गार? तिने तोंड उघडून पाहिलं. ओठ साबूत, आत कुठे भोक नाही, फाटलेलं नाही. कल्ल्यामागे मात्र जाळ्याची बारीक रेघ, सदऱ्याच्या कॉलरवर उठते तशी. तिने मासे साफ केले, तळले, वाढले. तो सांगत होता, पहिला कसा लगेच लागला आणि दुसऱ्याने कसं दमवलं. मासा बरा आहे, ती म्हणाली. पुढे तीन-चार रविवार असेच गेले, आणि मग एका शनिवारी तिने पिशवीच्या झाकणाला आतल्या बाजूने एकच पांढरा टाका घातला. रविवारी संध्याकाळी तो दोन मासे आणि एक मोठी गोष्ट घेऊन आला, आणि टाका जसाच्या तसा होता. त्याच दिवशी विचारलं असतं तर? पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. दर रविवारी पिशवी खुंटीवर टांगताना ती करंगळीने तो टाका चाचपून बघू लागली. दोरा पिवळा पडला की नवा घालायची. पिशवी धुवायला काढायची तर तिला कधी मिठाचा डाग नसे, खाऱ्या वाऱ्याचा वास नसे.

“आई?” जावई म्हणाला.

तिघंही तिच्याकडे बघत होते. नवरासुद्धा. त्याच्या डोळ्यांत गयावया असती तर कदाचित ती बोललीही असती. तिथे वेगळंच काही होतं, कंटाळल्यासारखं, बसस्टॉपवर उशिरा आलेल्या बसकडे बघावं तसं. तिच्या मनात त्या क्षणी जे आलं त्याला दया म्हणता आलं नसतं. तो टाका तिचा होता. बावीस वर्षं तिने तो जपला होता आणि या दोन पुरुषांच्या देखत, एका अनोळखी माणसाच्या मांडीवर तो उसवून टाकायची तिची तयारी नव्हती.

“मीच घातलाय,” ती म्हणाली. “गाडीत काठी निसटून बाहेर येते. आणा इकडे.” आणि तिने पिशवी ओढून घेतली, खाली वाकली आणि दोरा दाताने तोडला. जिभेवर धूळ आली.

तिने परत दिलेल्या पिशवीतून बोटवाल्याने काठी बाहेर काढली. मुठीवरचा प्लास्टिकचा कागद तसाच होता, आणि दोरा गुंडाळायच्या चकरीवर दुकानाची कागदी पट्टी, पिवळी पडून कुरकुरीत झालेली. बोटवाल्याने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. रोज नवी माणसं बोटीत घेणाऱ्याला बरंच काही न बघितल्यासारखं करता येतं. जपून ठेवलीत हो, म्हणाला, खाऱ्या पाण्यात खराब व्हायची, आज माझी वापरा. आणि काठी परत अस्तरात सरकवली. जावयाला काही कळलं नाही. तो कौतुकाने म्हणाला, बाबांची वस्तू वापरायची पद्धतच तशी, त्यांच्या लग्नातलं घड्याळ अजून खोक्यात आहे.

मग बोट उथळ पाण्याकडे निघाली. तिथे दोन्ही काठांना चिखल होता आणि चिखलात पाय रोवून उभी असलेली झाडं. बोटवाला लांब बांबूने बोट ढकलत होता आणि शिकवल्यासारखं न दाखवता शिकवत होता. पाण्यावर थरथर दिसली की खाली कळप असतो, ओहोटी लागली की मोठा मासा झाडांच्या मुळांतून बाहेर येतो, घाई करायची नाही. जिवंत कोळंबी गळाला कशी लावायची ते त्याने दाखवलं. नवऱ्याने काठी हातात घेतली ती उलटी, चकरी आकाशाकडे करून. बोटवाल्याने काही न बोलता ती त्याच्या हातातच फिरवून दिली, लहान मुलाची चप्पल सुलट करावी तशी. आमच्या वेळी अशीच धरायचे, नवरा म्हणाला. हो, असतात जुन्या पद्धती, बोटवाला म्हणाला. ती पदराआड हसली आणि हसू आत कडू झालं, कारण नवऱ्याने आता जावयाला ती गोष्ट सांगायला घेतली, एका माशाने त्याला धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कसं ओढत नेलं ती. तिला ती पाठ होती. मासा कधी वळतो, गळाचा तंगूस बोटं कधी कापतो, शेजारचा म्हातारा काय ओरडतो. गोष्टीतल्या त्या शेजारच्या म्हाताऱ्याला तर कालांतराने दमा झाला होता, सून आली होती, आणि एका हिवाळ्यात तो वारला तेव्हा तिला दोन दिवस चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं होतं. आठवड्यातून एकदा या माणसाला तोंड फुटायचं, ते खोटं बोलायला. आणि ती रविवारी संध्याकाळी ताटं मांडताना कान देऊन बसायची, हे तिला इथे, या केशरी जाकिटात, प्रथमच लख्ख दिसलं आणि तिला स्वतःचाच राग आला. रागाला कुठेतरी जायला हवं होतं.

तेवढ्यात काठी वाकली. नवऱ्याच्या हातातली. तो ओरडला नाही, त्याच्या तोंडून नुसती हवा निघाली. बोटवाला मागे येऊन उभा राहिला, सोडा, थोडं सोडा, आता घ्या, म्हणत राहिला, आणि नवऱ्याचे हात, मीटरची झाकणं उघडून उघडून जाड झालेले, चकरी फिरवू लागले. पाण्यातून एक रुपेरी मासा वर आला, हातभर नसेल पण त्याच्या जवळ, आणि फळीवर तडफडू लागला. वरच्या ओठातून गळ आरपार गेला होता. तिने ते भोक पाहिलं. एका थेंबाएवढं रक्त होतं. नवरा माशाकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. कवळी काढून ठेवलेल्या माणसासारखा तो दिसत होता, निराधार आणि फार तरुण. लग्नानंतर एकदा, लेक झाली त्या सकाळी, तिने हा चेहरा पाहिला होता.

बोटवाल्याने मासा मोजपट्टीवर ठेवला. त्या खाडीत ठरलेल्या मापाहून लहान मासा ठेवून घेता येत नसे, परत सोडावा लागे, हे त्याने निघतानाच सांगितलं होतं. त्याने शेपटी दोन बोटांत दाबून जवळ आणली, जरा ओढली. “बसतोय,” तो म्हणाला. “बसला म्हणायला हरकत नाही.”

“अर्धा इंच कमी आहे,” ती म्हणाली.

“मावशी, शेपटी आखडते. पहिला मासा—” एवढं बोलून बोटवाला थांबला. “आजचा पहिला आहे काकांचा.”

“तीस वर्षं कापडं मोजली मी. ओढून माप वाढत नाही.”

बोटवाल्याने गळ सोडवला, मासा दोन्ही हातांत धरून पाण्यात बुडवला, जरा पुढेमागे केला, आणि तो गेला. नवरा त्या जागेकडे बघत राहिला. जावयाचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. तो म्हणाला, जाऊ द्या बाबा, पुढचा मोठा येईल, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा हिरवट झाला. तो बोटीच्या काठावर ओणवा झाला आणि सकाळचा सगळा नाश्ता खाडीला वाहिला. बोटवाल्याने त्याला मागच्या बाजूला सावलीत आडवं केलं, तोंडावर ओला रुमाल टाकला आणि त्याच्याजवळच बसून राहिला, पाठ करून. मुद्दाम पाठ करून, असं तिला वाटलं.

पुढच्या फळीवर आता दोघंच होती. खुर्ची नव्हती, लेक नव्हती. तिने आतापर्यंत मनात हजारदा म्हटलेलं वाक्य, इतक्या वर्षांत त्याला किती झालरी लागल्या होत्या, ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा अगदी उघडंबोडकं होतं.

“कुठे जात होता?”

तो हसल्यासारखा झाला. “धक्क्यावरच. पलीकडे जायची फेरीबोट होती ना, ती बंद झाली. तिच्या उतारूंची खोली तशीच आहे अजून. बाकं आहेत.”

“कोण होतं तिथे?”

“कुणी नाही. कुणी नसायचं म्हणून तर.” त्याने हाताला लागलेला माशाचा चिकटा विजारीला पुसला. मग पुसलेली जागा बघितली. “पेपर वाचायचो. झोपायचोही कधी. चार वाजता बाजार उठायला लागला की दोन घ्यायचो आणि बस पकडायची.”

“बावीस वर्षं?”

“घरी नसायचो. एवढंच.”

बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. बाई असती तर तिचं नाक, तिचे केस, तिची जात काढता आली असती, रात्र रात्र जागून तिला शिव्या घालता आल्या असत्या. बाकाचा मत्सर कसा करायचा? एका लाकडी बाकाने, ज्यावर मधल्या दोन फळ्या नसतील, ज्याच्याखाली कुत्री झोपत असतील, तिला हरवलं होतं. तिला त्या बाकाची सगळी तपशीलवार कल्पना करता येऊ लागली.

“आणि टाका मला पहिल्याच वेळी लागला,” तो म्हणाला. तो पाण्याकडे बघत बोलत होता, पण गोष्टी सांगताना लागायचा तो आवाज नव्हता, मीटरचा आकडा वाचून दाखवावा तसा होता. “बसमध्ये. हाताला लागला. म्हटलं, आज विचारणार ही. सगळ्या वाटेने उत्तर जुळवत आलो. खरं उत्तर. घरी आलो, तू वाढलंस, आणि म्हणालीस, मासा बरा आहे.”

“तोडायचात.”

“का तोडायचा? तुझा होता.”

तिने तोंड फिरवलं. ओहोटी लागली होती. झाडांची मुळं हळूहळू उघडी पडत होती, चिखलात बोटं खुपसून बसल्यासारखी, आणि त्यांच्यातून पाणी निथळत बाहेर येत होतं. मागून जावयाचा कण्हण्याचा आवाज आला. तिला नवऱ्याला ढकलून द्यावंसं वाटलं. पाणी कमरेएवढंच होतं, बुडाला नसता, नुसता भिजला असता, आणि भिजून तरी घरी आला असता, खाऱ्या वासाचा, एकदा. तिने हात जाकिटाच्या पट्ट्यात अडकवून ठेवले.

त्यानंतर कुणाला काही लागलं नाही. धक्क्याला आल्यावर बोटवाल्याने वही काढली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, पुन्हा कधी येणार. नवरा पिशवी खांद्याला लावून पुढे गेला होता. “येत्या रविवारी,” ती मोठ्याने म्हणाली, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “आम्ही दोघं. आणि त्याच्या पुढच्याही. दर रविवारी लिहून ठेवा.” नवऱ्याची पावलं थांबली. त्याने वळून पाहिलं नाही. पाठीवरची पिशवी मात्र एकदम जड झाल्यासारखी खाली आली, आणि तिला वाटलं, लागला. आरपार लागला.

परतताना गाडी जावईच चालवत होता, पांढराफटक, काच उघडी टाकून. ती मागे बसून विजयाची वाट बघत होती. त्याऐवजी तिला खिडकीजवळची खुर्ची आठवली. रविवारी दहाला तो जिना उतरला की ती दार लावायची, रेडिओ हवा तेवढा मोठा करायची, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकायची. ताट न घेता पातेल्यातूनच जेवायची. दुपारी मशिनवर स्वतःसाठी काहीतरी शिवायची, कुणाचं माप न घेता. कधी जुन्या खोलीतली एखादी मैत्रीण यायची आणि दोघी रडेपर्यंत हसायच्या. चारला ती खुर्च्या जागेवर लावायची आणि चेहरा नीट करून ठेवायची. बावीस वर्षांत तिने कुठल्याही रविवारी तो लवकर यावा असं म्हटलं नव्हतं. पाऊस आला तर तिला भीती वाटायची, की हा जातो का राहतो.

जावयाने दोघांना दाराशी सोडलं, वर आला नाही. घरात आल्यावर तिने सवयीने ओटा पुसला, सुरी काढली, परात ठेवली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की मासा नाही. इतक्या वर्षांत रविवारी घरात मासा नाही असं झालं नव्हतं. नवरा हातपाय धुऊन बाहेर आला. पिशवी त्याने खुंटीला लावली नाही. ती मशिनवर ठेवली, झाकण वर करून, तुटलेल्या दोऱ्याची दोन टोकं दिसतील अशी, आणि दाराच्या चौकटीत उभा राहिला. उठून गेला नाही. गच्चीवर टाकी भरून वाहत होती, तिला इथे ऐकू येत होतं.

तिने चष्मा लावला. हल्ली सुईत दोरा ओवायला तिला चार खेपा लागत. तो बघत होता आणि त्याला बघता येतंय हे तिला चालत नव्हतं, पण तिने तोंडही फिरवलं नाही. पाचव्या खेपेला दोरा गेला. तिने जुनी भोकं अंगठ्याने चाचपली, त्याच भोकांतून एक टाका घातला, गाठ मारली, दोरा तोडला.

“रविवारच्या बोटीचं काय?” त्याने विचारलं.

“मला नाही सोसत बोट. पोटात ढवळलं आज माझ्या.”

तिला काहीही झालं नव्हतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने मान हलवली. “मग मी एकटाच जाऊ?”

“जा. बोटवाल्याला मी फोन करून नाही म्हणून सांगीन.” तिने पिशवी त्याच्या हातात दिली. त्याचा अंगठा झाकणाखाली गेला आणि तिथे थांबला. “येताना दोन आणा. आणि घेताना डोळे बघून घेत जा जरा. मागच्या खेपेचे बर्फातले होते.”